मनिलाचे पाणी आणि डॉलरचे कर्ज

फिलिपाइन्सची राजधानी मनिला हिच्या इतिहासात नळाच्या पाण्याचा पहिला पैसा कर्जाऊ आलेला नव्हता. तो दानाचा होता. अठराव्या शतकात मेक्सिकोशी चालणाऱ्या गलबतांच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या फ्रान्सिस्को कारिएदो या स्पॅनिश व्यापाऱ्याने आपल्या मिळकतीतील दहा हजार पेसो नगराच्या, आणि विशेषतः गोरगरिबांच्या, पाण्यासाठी अलग काढून ठेवले आणि १७४३ मध्ये तो निवर्तला. ही रक्कम पुढे शतकाहून अधिक काळ नगराच्या खाती वाढत राहिली, आणि अखेर १८७८ मध्ये हेनारो पालासिओस या अभियंत्याच्या देखरेखीखाली कामास आरंभ होऊन १८८२ च्या जुलैत मारिकिना नदीचे पाणी सान हुआनच्या टेकडीवरील भुयारी तलावातून मनिलाच्या चौकांतील कारंज्यांपर्यंत पोहोचले. त्या पाण्यामागे ना कोणा सावकाराचा तगादा होता, ना परक्या चलनाचा भाव. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत याच नगराच्या पाण्याचे भवितव्य डॉलर आणि पेसो यांच्या विनिमयदराशी कसे जखडले गेले, हे समजून घेण्यासाठी आपल्याला एका कर्जाचा माग काढीत जावे लागेल. कारण पाणीपुरवठ्याच्या खाजगीकरणाविषयी जे वाद आजवर झाले, त्यांत मालक कोण असावा याची चर्चा उदंड झाली, परंतु जुने कर्ज कोणाच्या माथी गेले याची चौकशी फारच थोड्यांनी केली.

जलप्रदाय हा धंदा मुळातच असा आहे की त्यात भांडवल आधी आणि भरपूर लागते, आणि उत्पन्न मात्र थेंबाथेंबाने व दीर्घकाळ येत राहते. धरण बांधावे, डोंगर पोखरून बोगदा काढावा, शुद्धीकरणाची यंत्रे बसवावीत, शेकडो कोस नळ पुरावेत, आणि मग घरोघरच्या पाणीपट्टीतून तो खर्च तीस-चाळीस वर्षांत भरून काढावा, असा हा व्यवहार. गरीब देशांत एवढ्या दीर्घ मुदतीचे भांडवल देशी पेढ्यांपाशी नसते. आणि म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक बँक, १९६६ पासून आशियाई विकास बँक, आणि त्यांच्या जोडीने जपानसारख्या राष्ट्रांच्या सरकारी वित्तसंस्था या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरल्या. आशियाई विकास बँकेचे मुख्यालय तर मनिला महानगरातच आहे. या संस्था कर्ज देतात ते डॉलर, येन अशा परकीय चलनात; त्याला देशाच्या सरकारची हमी असते; मुदत दीर्घ आणि व्याज बाजारभावाहून बहुधा कमी असते. एवढ्यापुरता हा व्यवहार ऋणकोच्या हिताचाच म्हणावा लागेल. परंतु नळपट्टी वसूल होते ती स्थानिक नाण्यात, आणि हप्ता फेडावयाचा असतो तो परकीय नाण्यात. या दोहोंमधील तफावतीचा धोका धनको कधीच पत्करीत नाही. तो धोका सरकारने सोसावयाचा, की पाणी पुरवणाऱ्या संस्थेने, की पाणी पिणाऱ्याने, हा प्रश्न कर्जाच्या दस्तऐवजावर सही होते त्या दिवशीच उत्पन्न झालेला असतो. तो उघडा पडतो तो मात्र संकटाच्या दिवशी.

मनिलाचा विस्तार झपाट्याने झाला. साठच्या दशकात बुलाकान प्रांतात आंगात नदीवर थोर धरण उभे राहिले आणि तेव्हापासून महानगराचे जवळजवळ सर्व पाणी त्या एकाच स्रोतातून येऊ लागले. १९७१ मध्ये महानगर जलप्रदाय व मलनिःसारण महामंडळ स्थापन झाले. पुढील पाव शतकात या महामंडळाने परदेशी कर्जे काढून कामे केली, परंतु वितरणाची अवस्था सुधारली नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्याच्या कार्यक्षेत्रातील सुमारे एक-तृतीयांश लोकांना नळच नव्हता. ज्यांना होता त्यांनाही दिवसाचे चोवीस तास पाणी मिळत नव्हते. आणि शुद्ध करून नळात सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाण्याचा पैसाच वसूल होत नव्हता, कारण ते फुटक्या नळांतून जमिनीत मुरत होते किंवा चोरून घेतले जात होते. ज्यांच्या वस्तीत नळ नव्हता ते दरिद्री लोक पाणी विकणाऱ्याकडून डब्याच्या हिशेबाने, महामंडळाच्या दराच्या अनेक पट मोल देऊन, पाणी घेत होते. सार्वजनिक व्यवस्थेच्या कैवाऱ्यांनी ही वस्तुस्थिती नजरेआड करू नये. मनिलात जे मोडकळीस आले होते ते खरोखरच मोडकळीस आले होते, आणि त्याची झळ सर्वांत निर्धनांनाच अधिक पोहोचत होती.

अशा अवस्थेत राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी, विजेच्या टंचाईवर काही वर्षांपूर्वीच खाजगी उत्पादकांच्या साह्याने तोड काढली असल्यामुळे, तोच उपाय पाण्यावर योजण्याचे ठरविले. १९९५ च्या जूनमध्ये राष्ट्रीय जलसंकट कायदा संमत झाला आणि महामंडळाची पुनर्रचना करण्याचे, नोकरवर्ग कमी करण्याचे व कारभार खाजगी हाती देण्याचे अधिकार शासनाला प्राप्त झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ या संस्थेला सल्लागार नेमण्यात आले. तिचे विहित कार्यच मुळी गरीब देशांतील खाजगी उद्योगांना भांडवल पुरविण्याचे. ही नेमणूक पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून वाचकाने ती ध्यानात ठेवावी.

योजना अशी होती. महामंडळाची मालमत्ता विकावयाची नाही. धरणे, नळ, यंत्रे ही सर्व सार्वजनिकच राहतील. परंतु त्यांचा कारभार पंचवीस वर्षांच्या मुदतीने मक्त्याने द्यावयाचा, आणि मक्तेदाराने नळपट्टी वसूल करून त्यातून दुरुस्ती, विस्तार व आपला नफा भागवावयाचा. महानगराचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग पाडण्यात आले, हेतू हा की दोन मक्तेदारांची तुलना करता यावी. जो बोलीदार सर्वांत कमी दराने पाणी देण्याचे कबूल करील त्याला मक्ता द्यावयाचा. परंतु एकाच पक्षाला दोन्ही विभाग मिळू नयेत अशी अट होती. लिलावापूर्वी, १९९६ च्या ऑगस्टमध्ये, पाण्याचा दर सुमारे अडतीस टक्क्यांनी वाढवून घनमीटरला ८.७८ पेसो करण्यात आला, आणि त्यामुळे नंतर जाहीर झालेली दरातील घट लोकांच्या नजरेत अधिकच भरली.

२३ जानेवारी १९९७ रोजी बोल्या उघडण्यात आल्या तेव्हा सारे चकित झाले. आयाला हे फिलिपाइन्समधील जुने धनाढ्य घराणे, अमेरिकेची बेक्टेल, इंग्लंडची युनायटेड युटिलिटीज आणि जपानची मित्सुबिशी यांच्या संयुक्त कंपनीने पूर्व विभागासाठी केवळ २.३२ पेसो, म्हणजे चालू दराच्या जेमतेम सव्वीस टक्के, एवढाच दर मागितला होता. पश्चिम विभागातही त्यांचीच बोली सर्वांत खालची होती. परंतु अटीप्रमाणे तो विभाग पुढच्या बोलीदारास गेला. हा बोलीदार म्हणजे लोपेझ घराणे आणि फ्रान्सच्या सुएझ समूहातील ल्योनेझ दे झो ही कंपनी. त्यांचा दर ४.९६ पेसो होता. पूर्वेच्या मक्तेदाराचे नाव मनिला वॉटर, पश्चिमेच्या मक्तेदाराचे मायनिलाद. जगातील विकसनशील देशांत एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा पाणीपुरवठा एकदम खाजगी कारभाराखाली गेल्याचे असे उदाहरण पूर्वी क्वचितच घडले होते, आणि वॉशिंग्टनपासून आशियाच्या राजधान्यांपर्यंत त्याची आदर्श म्हणून वाखाणणी सुरू झाली.

आता त्या जुन्या कर्जाकडे वळू. महामंडळाच्या माथ्यावर परकीय चलनातील सुमारे ८० कोटी डॉलरांचे ऋण होते. कारभार खाजगी हाती गेला तरी हे ऋण काही नाहीसे होणार नव्हते. ते फेडण्यासाठी मक्तेदारांनी महामंडळाला दरसाल मक्ता-शुल्क द्यावयाचे आणि महामंडळाने त्यातून परदेशी हप्ते भरावयाचे, असे ठरले. या ऋणाची दोन विभागांत जी वाटणी झाली ती समान नव्हती: नव्वद टक्के भार पश्चिमेवर आणि दहा टक्के पूर्वेवर. एखाद्या घराण्यात थोरल्याला राहता वाडा आणि त्यावरील सारे देणे द्यावे, आणि धाकट्याला पडीक जमीन पण मोकळी द्यावी, तशातलाच हा प्रकार होता. पश्चिमेला जुने शहर होते, नळजोड अधिक होते, म्हणून उत्पन्नही अधिक येणार; पूर्वेला नवे नळ घालावे लागणार, म्हणून तिला ऋणाच्या ओझ्यातून सूट. कागदावर हा युक्तिवाद निर्दोष दिसतो. परंतु नळ घालण्याचा खर्च बहुतांशी पेसोंत होतो आणि कर्जाची फेड डॉलरांत, हा भेद त्या कागदावर कोणाला पुरेसा जाणवला नाही.

१ ऑगस्ट १९९७ रोजी दोन्ही कंपन्यांनी कारभार हाती घेतला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २ जुलैला, थायलंडने आपल्या भाटाचा डॉलरशी असलेला बांधील भाव सोडून दिला होता आणि ११ जुलैला फिलिपाइन्सलाही पेसोची तीच वाट धरावी लागली होती. करार झाला तेव्हा एका डॉलरला सुमारे सव्वीस पेसो पडत. वर्षभरात चाळिशी ओलांडली गेली आणि २००१ च्या सुमारास भाव पन्नाशीच्या पलीकडे गेला. ८० कोटी डॉलरांचे नव्वद टक्के म्हणजे ७२ कोटी डॉलर. सव्वीसच्या भावाने ते १,८७२ कोटी पेसो होतात, आणि बावन्नच्या भावाने ३,७४४ कोटी. कोणीही एक कवडी नवी न उचलता, एक हात नवा नळ न पुरता, पश्चिम मनिलाच्या पाण्यावरील देणे पेसोच्या हिशेबात दुपटीवर गेले. त्यातच १९९७-९८ साली एल निनोमुळे पर्जन्यमान घटले, आंगात धरणाची पातळी उतरली, आणि विकावयाला पाणीही अपुरे पडले.

करारनाम्यात विनिमयदरातील हानी भरून काढण्याची तरतूद होती, पण ती हानी मक्त्याच्या उरलेल्या सर्व वर्षांवर हळूहळू पसरावयाची होती. मायनिलादला तेवढा धीर धरणे शक्य नव्हते. आणि हेही खरे की चालू दराच्या निम्म्याच्या आसपास बोली लावून मक्ता मिळविणाऱ्या कंपनीने हा धोका आपला आहे असे मानून बोली लावावयास हवी होती. २००१ च्या मार्चमध्ये तिने महामंडळाला मक्ता-शुल्क देणेच थांबविले. ऑक्टोबरात करारात दुरुस्ती होऊन विनिमयाची हानी ताबडतोब ग्राहकांकडून वसूल करण्याची मुभा मिळाली, पश्चिमेचे दर चढले, तरीही शुल्क आले नाही. मधल्या काळात परदेशी धनकोंचे हप्ते थांबणे शक्य नव्हते. ते भरण्यासाठी सार्वजनिक महामंडळालाच पुन्हा कर्ज काढावे लागले. खाजगीकरणाने ज्या तिजोरीवरील भार हलका व्हावयाचा होता, त्याच तिजोरीवर तो व्याजासह परत आला.

२००२ च्या डिसेंबरात मायनिलादने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २००३ च्या नोव्हेंबरात लवादाने करार मोडण्याचा हक्क कोणालाच दिला नाही, आणि थकलेले सुमारे ६७७ कोटी पेसो मायनिलादने भरावेत असे सांगितले. कंपनीने तत्काळ न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. महामंडळाने हमीपत्रावरील ९ कोटी ८९ लाख डॉलर वसूल करू पाहिले, तर कनिष्ठ न्यायालयाने तेही अडविले. २००४ च्या जूनमध्ये फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अडसर दूर केला तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला. पुढे लोपेझ घराण्याचे भाग महामंडळाच्याच हाती आले. म्हणजे काही काळ पश्चिम मनिलाची खाजगी कंपनी प्रत्यक्षात सरकारच्या मालकीची होती. २००६ च्या डिसेंबरात पुन्हा लिलाव होऊन, एका नव्या देशी उद्योगजोडीने ५० कोटी डॉलरांहून अधिक रकमेच्या बोलीवर ती घेतली. ज्या प्रयोगाची आदर्श म्हणून वाखाणणी झाली होती, त्याचा अर्धा भाग अशा रीतीने दहा वर्षांच्या आत सरकारला सावरून धरावा लागला, ही गोष्ट वाखाणणी करणाऱ्यांनी क्वचितच तितक्या मोठ्याने सांगितली.

पूर्व विभागाची हकीकत निराळी आहे, आणि ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मनिला वॉटरने वितरणाची खरोखर सुधारणा केली. सुमारे त्रेसष्ट टक्क्यांवर असलेली पाण्याची नासाडी दीड दशकात अकरा-बारा टक्क्यांपर्यंत खाली आणली. विभागवार अधिकारी नेमून प्रत्येक वस्तीच्या मापकांचा हिशेब लावला. आणि ज्या झोपडवस्त्यांत जमिनीचा दाखला नसल्यामुळे महामंडळ नळजोड देत नसे तेथे दाखल्याची अट सोडून, शेजाऱ्यांच्या गटाला एक मापक देऊन पाणी पोहोचविले. या कामात जुन्या महामंडळातील नोकरवर्गाचाच मोठा वाटा होता. तीच माणसे, निराळ्या व्यवस्थेत, निराळे काम करू शकली. परंतु पूर्वेच्या या यशात ऋणाच्या वाटणीचा भाग किती होता, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. पेसो कोसळला तेव्हा एका कंपनीच्या गळ्यात नव्वद टक्क्यांचा धोंडा होता आणि दुसरीच्या गळ्यात दहा टक्क्यांचा. एक बुडाली आणि एक तरली. त्यावरून कारभारकौशल्याचा निवाडा करणे, हे माझ्या मते, दोहोंवरही अन्याय करणारे आहे.

दराविषयीही थोडे सांगावयास हवे. लिलावाच्या दिवशी जाहीर झालेले २.३२ आणि ४.९६ हे आकडे अल्पायुषी ठरले. सहा-सात वर्षांच्या आत दोन्ही विभागांचे दर जुन्या ८.७८ च्या वर गेले आणि चढतच राहिले. महागाई वजा केली तर ही वाढ दिसते तितकी भयंकर नाही, आणि नव्या नळांचा खर्च कोणीतरी द्यावाच लागतो, हेही मान्य. तथापि लोकांची संमती मिळविताना जो आकडा पुढे केला होता तो टिकणारा नव्हता. नीचांकी बोली लावून मक्ता मिळवावा आणि मग वाटाघाटींनी दर वाढवून घ्यावा, ही रीत त्यातून रूढ झाली. नगराचे नागरिक त्या वाटाघाटींत कोठेच नव्हते.

दर ठरविणारे नियामक कार्यालय कायद्याने नव्हे, तर करारनाम्याच्या एका कलमाने अस्तित्वात आले होते, आणि त्याचा खर्च चाले तो मक्तेदारांकडून येणाऱ्या शुल्कातून. नियामकाचा निर्णय मान्य नसेल तर मक्तेदाराने लवादाकडे जावे. तेथे नागरिकांना पक्षकार म्हणून स्थान नाही. २०१३ मध्ये या कार्यालयाने धैर्य दाखवून, कंपन्यांनी आपला आयकर ग्राहकांच्या पाणीपट्टीत घालू नये असा निर्णय दिला. दोन्ही कंपन्या लवादाकडे गेल्या, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या वादांत परस्परविसंगत निवाडे आले. त्यांतील एका निवाड्याने २०१९ च्या नोव्हेंबरात फिलिपाइन्सच्या सरकारने मनिला वॉटरला सुमारे ७४० कोटी पेसो भरपाई द्यावी असे ठरविले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पूर्व विभागातील लक्षावधी माणसे कोरड्या नळांपुढे भांडी घेऊन उभी राहिली होती, आणि त्याबद्दल कंपनीवर ११३ कोटी ४० लाख पेसोंची आकारणी झाली होती. लोकक्षोभ अनावर झाला. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी करार रद्द करण्याची धमकी दिली. कंपन्यांनी भरपाईवरील हक्क सोडला. आणि २०२१ मध्ये नवे करार होऊन आयकर ग्राहकांवर लादण्याचा मार्ग बंद करण्यात आला. जो न्याय शांतपणे, कायद्याच्या मार्गाने मिळावयास हवा होता, तो राजदंडाच्या धाकाने मिळाला. असा न्याय टिकाऊ असतो असे मला वाटत नाही.

आणि ती सल्लागार संस्था? आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने प्रथम सरकारला खाजगीकरणाचा आराखडा करून दिला. पुढे २००३ मध्ये मनिला वॉटरला कर्ज दिले. आणि त्यानंतर वर्षभराने तिचे भागही विकत घेतले. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु ज्याने सरकारला सल्ला द्यावयाचा, त्यानेच नंतर एका पक्षाचा धनको व भागीदार व्हावे, ही गोष्ट सार्वजनिक व्यवहाराच्या शुचितेशी जुळणारी नाही. एखाद्या नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे तिच्याच अभियंत्याची भागीदारी निघाली, तर आपण त्याला एक दिवसही खुर्चीवर राहू देणार नाही. मग विकासाच्या नावाने काम करणाऱ्या जागतिक संस्थेला निराळे माप का लावावे?

मनिला एकटी नव्हती. इंडोनेशियाच्या जकार्तात जागतिक बँकेने १९९१ मध्ये नळांच्या विस्तारासाठी ९ कोटी २० लाख डॉलर कर्ज दिले, आणि १९९७ मध्ये, सुहार्तो यांच्या राजवटीच्या अखेरच्या दिवसांत, शहराचे पाणी सुएझ व इंग्लंडची टेम्स या दोन कंपन्यांच्या हाती गेले. त्यांचे स्थानिक भागीदार राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्ती वर्तुळातील होते, त्यांत त्यांचा एक पुत्रही होता. तेथे खुला लिलावही झाला नाही. करारात कंपनीला मिळावयाचा मोबदला आणि नागरिकांकडून घ्यावयाची पाणीपट्टी हे दोन आकडे वेगळे ठेवले होते. चलन कोसळल्यावर पहिला चढत गेला, दुसरा लोकक्षोभाच्या भीतीने वाढविता येईना, आणि मधली तूट सार्वजनिक जलसंस्थेच्या खाती ऋण म्हणून साचत गेली. जकार्ताच्या नागरिकांनी दावा गुदरला, आणि २०१५ व २०१७ मध्ये न्यायालयांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण पुढे तोही फिरविला गेला, आणि करार संपले ते पंचवीस वर्षांची मुदत भरल्यावरच, २०२३ च्या आरंभी.

याच काळात, याच धनकोंच्या पैशाने, आशियातील आणखी एका राजधानीत काय घडले ते पाहिले म्हणजे विषयाचे खरे मर्म उमगते. कंबोडियाची नोम पेन्ह ही नगरी ख्मेर रूज राजवटीत जवळजवळ निर्मनुष्य झाली होती. तिच्या जलसंस्थेतील जाणती माणसे त्या नरसंहारात नाहीशी झाली होती. १९९३ मध्ये एक सोन चान नावाच्या अभियंत्याने तिचा कारभार हाती घेतला तेव्हा शंभरातील बहात्तर हिस्से पाणी वाया जात होते, आणि जे पोहोचत होते त्याची वसुली नव्हती. आशियाई विकास बँक, जागतिक बँक, जपान आणि फ्रान्स यांच्याकडून अनुदाने व कर्जे घेऊन त्यांनी नळ बदलले. परंतु संस्था विकली नाही, मक्त्यानेही दिली नाही. १९९६ च्या अखेरीस तिला आपले जमाखर्च आपण पाहण्याची स्वायत्तता मिळाली. चान यांनी सरकारी कचेऱ्या, लष्करी अधिकारी, धनिक या सर्वांच्या घरी मापक बसविले; मापकाला नकार देणाऱ्या एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्याच्या दारी ते स्वतः गेले असता त्यांच्यावर पिस्तूल रोखण्यात आले, तरी त्यांनी तो नळ तोडला आणि पैसे भरल्यावरच जोडला. दर टप्प्याटप्प्याने वाढविले. त्यांतील शेवटचा टप्पा मात्र अंमलात आणावाच लागला नाही, कारण वसुली आणि बचत यांतूनच खर्च भागू लागला. पंधरा वर्षांत पाण्याची नासाडी सहा टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे मनिलाच्या यशस्वी विभागाहूनही कमी. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला, आणि तो देण्यात आला मनिला नगरीतच.

तेव्हा परदेशी कर्ज हेच सर्व अनर्थाचे मूळ, असे म्हणता येत नाही. आणि सार्वजनिक संस्था स्वभावतःच निकामी असते, असेही नाही. कर्ज कोणत्या चलनात आहे, चलन घसरले तर तूट कोण सोसणार, आणि भांडण उद्भवले तर निवाडा कोणापुढे होणार, या गोष्टी सही करण्यापूर्वी लोकांपुढे उघड मांडल्या होत्या की नाही, यावर सारे अवलंबून आहे. नोम पेन्ह येथे संस्थाप्रमुख आपल्या नागरिकांना आणि आपल्या सरकारला जाब देत होता. मनिला आणि जकार्ता येथे जाब देण्याची साखळी करारनाम्याच्या परिशिष्टांत आणि परदेशी लवादांच्या दालनांत हरवून गेली.

महाराष्ट्राला हे सर्व दूरचे वाटण्याचे कारण नाही. सीमेवरील बेळगावात, जेथे मराठी भाषक मोठ्या संख्येने राहतात, कर्नाटक सरकारने २००४ मध्ये जागतिक बँकेकडून घेतलेल्या कर्जातून शहराच्या काही भागांत फ्रेंच कंपनीमार्फत चोवीस तास पाण्याची योजना राबविण्यात आली. मुंबईत अंधेरी पूर्वेचा समावेश असलेल्या के-पूर्व विभागात २००६ च्या सुमारास जागतिक बँकेशी संलग्न निधीतून सल्लागार नेमून खाजगी सहभागाची पाहणी सुरू झाली, तेव्हा नागरिकांनी तीव्र विरोध केला. नागपुरात २०१२ पासून सर्व शहराचे वितरण पंचवीस वर्षांच्या करारान्वये एका खाजगी कंपनीकडे आहे, आणि तेथील सुधारणेच्या भांडवलापैकी सुमारे सत्तर टक्के सरकारी तिजोरीतूनच आले. आणखी एक गोष्ट, जी वृत्तपत्रांतून फारशी चर्चिली गेली नाही: पूर्वी केंद्र सरकार परदेशी कर्ज घेऊन राज्यांना रुपयांत देत असे आणि विनिमयदराचा धोका स्वतः सोसत असे, परंतु बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २००५ पासून बहुतेक राज्यांना ते कर्ज मूळ अटींवर, मूळ चलनात दिले जाऊ लागले. म्हणजे डॉलर महागला तर तो भार आता महाराष्ट्राच्या तिजोरीवर पडतो. मनिलात जे घडले त्याचे बीज आपल्याही जमाखर्चात पेरलेले आहे.

दिल्लीतील नागरिकांनी २००५ मध्ये काय केले ते येथे स्मरावे. दिल्ली जल मंडळासाठी जागतिक बँकेकडे कर्ज मागितले गेले होते. परिवर्तन या संघटनेने माहितीच्या अधिकाराखाली त्या व्यवहाराचे कागद मिळविले, सल्लागार कसा निवडला गेला हे लोकांपुढे ठेवले, आणि अखेर सरकारने कर्जाचा अर्ज मागे घेतला. त्या कर्जाविषयी आपले मत काहीही असो, कागद वाचण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद होता. आपल्या नगरपालिकेत पाण्याच्या योजनेचा ठराव येईल तेव्हा वाचकांनी केवळ नळपट्टी किती होणार एवढेच विचारून थांबू नये; कर्जाचा मूळ करारनामा, त्याच्या परिशिष्टांसह आणि मराठीत, ठरावाच्या आधी पाहावयास मागावा, आणि तो मिळेपर्यंत आपल्या नगरसेवकाला हात वर करू देऊ नये.